शक्तिमानची चाकोरी

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. ठिबक संचांच्या पाहणीसाठी कृष्णाकाठच्या एका गावी गेलो होतो. काम आटोपून पाणंदीने परत येत होतो, तो बांधाकडेला एक ट्रक उभा दिसला. माझी मोटारसायकल आपोआप थांबली. लांब नाक, उंच चाकं, पुढे जाड लोखंडी पट्टीचा बंपर. रंग विटकरी मारलेला, पण हा गडी मूळचा कुठला हे मला लांबूनच कळलं. तो शक्तिमान होता. एके काळी आपल्या फौजेचा सगळा बोजा ज्याने वाहिला, तो ट्रक.

ट्रकचा मालक तिशीतला, हुशार आणि धडपड्या. मला ओळखत होता. मोठ्या अभिमानाने म्हणाला, "साहेब, भंगारातनं उचलला आणि उभा केला. चारी चाकं ओढत्यात. आता पाऊस लांबला तरी माझा ऊस अडत न्हाई. सरळ फडात घालतो का न्हाई बघा!"

माझ्या पोटात गोळाच आला. मी म्हटलं, "आधी चहा पाज. मग तुला एक गोष्ट सांगतो. ती ऐक आणि मग काय घालायचं ते घाल." त्याला सांगितलेली गोष्टच आज तुम्हाला सांगतो आहे. ती सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण त्यातला शहाणा मूर्ख मीच आहे.

आमचा सातारा जिल्हा फौजींचा. अपशिंगे गावाच्या नावापुढे तर 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला आहे. माझा मामाही फौजेत होता. १९६७ साली भरती झाला आणि रसद पोचवणाऱ्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर झाला. बंदूक त्याच्याकडे होतीच, पण त्याचं खरं हत्यार म्हणजे ट्रकचं स्टीअरिंग. वीस वर्षं त्याने पीठ, डाळ, रॉकेल, पाणी आणि दारूगोळा वाहिला. सुटीवर आला की आम्ही पोरं त्याला लढाईच्या गोष्टी विचारायचो. तो मात्र ट्रकच्याच सांगायचा. "लढाई म्हंजे काय रं? म्होरच्याला येळेवर भाकरी पोचली तर तो लढंल," असं म्हणायचा.

शक्तिमानची जन्मकथा मी पहिल्यांदा त्याच्याकडूनच ऐकली आणि पुढे वाचूनही काढली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या फौजेकडे महायुद्धातल्या जुन्या परदेशी गाड्याच पुष्कळ होत्या. पुढे १९५८ साली सरकारने जर्मनीच्या 'मान' कंपनीशी करार केला आणि जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात ट्रक बांधायला घेतले. १९५९ साली पहिला ट्रक बाहेर पडला. नाव ठेवलं शक्तिमान. त्या नावाच्या शेवटी जर्मन कंपनीचं 'मान'ही आपसूक बसलं आणि अर्थही आपल्या भाषेतला झाला. पुढे जबलपुरातच गाड्यांसाठी स्वतंत्र कारखाना उभा राहिला. जोंगा नावाची मोठी जीपही जबलपूरचीच. जबलपूरच्या कारखान्याच्या इंग्रजी नावातली आद्याक्षरं जुळवून ते नाव केलेलं आहे. १९६५ आणि १९७१ या दोन्ही लढायांत शक्तिमान धावला. १९९६ साली त्याचं उत्पादन थांबलं आणि त्याची जागा नव्या गाड्यांनी घेतली.

फौजेत शक्तिमानला 'थ्री टन' म्हणत. रस्ता सोडून रानोमाळ जायचं, तर बोजा तीन टनांचा, असा तो हिशेब. इंजिन सहा सिलिंडरचं, डिझेलवरचं. एरवी मागची चाकं ओढत. चिखल, वाळू किंवा चढ आला की एक दांडा ओढायचा, मग पुढचीही ओढू लागत. मागच्या आसावरचा लोखंडी गोळा पांढरा रंगवलेला असे आणि त्यावर एक बारीक दिवा. आम्हाला पोरांना त्याचं भारी नवल. मामा सांगायचा, "रातीच्याला दिवे लावायची बंदी असती. मग म्होरच्या गाडीचा त्यो पांढरा गोळा तेवढा बघायचा आन् त्याच्या मागनं जायचं. दुश्मनाला वरनं दिसत न्हाई, आपल्याला खालनं दिसतंय."

१९७१ च्या डिसेंबरात मामा राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला होता. वाळूतल्या गाडीची त्याची शिकवण मला पाठ आहे. वाळू आली की चाकातली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. पुन्हा पक्क्या रस्त्याला लागायच्या आत हवा भरायची, नाहीतर टायर तापून जातो. जोरात ॲक्सिलेटर दाबायचा नाही, कारण चाक जागच्या जागी फिरलं की आपलीच कबर खणतं. आणि शेवटचं, पुढच्या गाडीच्या चाकोरीतून जायचं नाही. वाळूची वरची पापडी एकदा फुटली की खाली भुसभुशीत. म्हणून प्रत्येकाने आपली नवी वाट काढायची. ही शेवटची शिकवण ध्यानात ठेवा. तिचं पुढे काम आहे.

मामा १९८७ साली निवृत्त झाला. आणि १९९० साली, हाती आलेल्या पैशातला बराच भाग घालून, लिलावात निघालेला एक शक्तिमान घेऊन गावी आला! मामी आठवडाभर बोलली नाही. फौजी गाडीच्या नंबरात आधी वर तोंड केलेला बाण असतो आणि बाणापुढचे दोन आकडे गाडी कोणत्या सालची ते सांगतात. हिचे आकडे होते ७२. मामा म्हणाला, "माझ्यापरीस धाकटी हाय, पण नोकरी सारखीच झालीया." फौजेबाहेरच्या गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग लावायला कायद्याने बंदी आहे. म्हणून मामाने तिला विटकरी रंग दिला. मागचा पांढरा गोळा मात्र तसाच ठेवला.

त्या ट्रकची निगा बघायला गावची पोरं जमत. पहाटे उठून आंघोळीच्या आधी मामाची 'फर्स्ट परेड' सुरू व्हायची. ट्रकखाली वाकून रात्रीत तेल गळलं आहे का ते बघायचं. इंजिनचं तेल, रेडिएटरचं पाणी, पंख्याचा पट्टा, चाकांची हवा, चाकांचे नट. वाटेत थांबला की चाकांच्या तुंब्याला हात लावून बघायचा, तापला आहे का. संध्याकाळी पुन्हा तीच फेरी. मग कंदिलाजवळ बसून एका वहीत सगळं लिहायचा. फौजेत तिला कार डायरी म्हणतात. किती किलोमीटर गेला, किती डिझेल घातलं, काय बिघडलं. आपल्यातले किती जण ट्रॅक्टरची अशी वही ठेवतात? मी स्वतः शेकडो ट्रॅक्टर पाहिले. वही दिसली ती चार-पाच ठिकाणी.

आता माझी गोष्ट. १९९२ साली मी कृषी पदवीधर झालो. नोकरी लागायची होती. डोक्यात पुस्तकं ताजी होती आणि जिभेला धार होती. आमचं शिवार काळ्या जमिनीचं. त्या नोव्हेंबरात आमच्या एका एकराच्या फडाला तोड आली, टोळीने दोन दिवसांत ऊस आडवा केला आणि तिसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. असा आला की सऱ्या भरून वाहिल्या. बैलगाड्या फडात जाईनात. ट्रॅक्टरची ट्रॉली बांधालाच बसली. तोडलेला ऊस पडून राहिला की रोज वजन घटतं आणि साखरही उतरते, हे तुम्हाला सांगायला नको. ऊस गेला की त्यावर धरलेलं ताईचं लग्न अडणार होतं.

मी मामाकडे गेलो. "मामा, तुझा शक्तिमान घाल फडात. पाणंदीपर्यंत ऊस काढून दे, पुढचं आम्ही बघतो."

मामा आला. फडाच्या कडेला उकिडवा बसला. मूठभर माती उचलून दाबली. बोटांच्या फटीतून चिखल बाहेर आला. तो हात झटकून म्हणाला, "गाडी जाईल. गाडीला काय, ती कुटं बी जाईल. पण दाजी, आजचा दिस थांबा. वाफसा येऊ द्या."

आबा गप्प बसले. बोललो मी. "वाफसा यायला आठवडा लागंल. तोवर उसाचं चिपाड होईल. तू ट्रक घाल मामा, जमिनीचं मी बघतो. त्याचीच तर पदवी घेतलीय."

हे वाक्य मला आजही झोपेतून उठवतं.

मामाने मग वाद घातला नाही. चाकांची हवा कमी केली, पुढची चाकं जोडली आणि ट्रक फडात घातला. काय त्या गाडीची ताकद सांगू! जिथे माणसाचा पाय गुडघ्याएवढा रुतत होता, तिथून ती मोळ्यांनी भरलेली, डुलत डुलत बाहेर यायची. गाव बघायला जमला. तीन टनांच्या वर मामा भरू देत नव्हता, मी मात्र "अजून टाका, अजून टाका" म्हणत होतो. चौदा फेऱ्या झाल्या. आणि दर फेरीला मामाने, वाळवंटात शिकल्याप्रमाणे, नवी वाट धरली. मीही वरून ओरडत होतो, "त्या बाजूनं घे, तिथं अजून चाक गेलेलं नाही." संध्याकाळी सगळा ऊस पाणंदीवर होता. टोळीने मामाला हार घातला. मी तर स्वतःच्या हुशारीवर खूश होतो.

फळ दिसलं खोडव्याला. फडावर उभे आडवे पट्टे उमटले. चाकं जिथून गेली तिथे बुडखे चेंगरलेले, फुटवा विरळ, ऊस पिवळट आणि बारीक. पाणी दिलं तर पट्ट्यात दोन दोन दिवस साचून राही आणि ओसरलं की माती वीट झालेली. कुदळ मारली तर वीतभर खाली ती टण्णकन वाजे. लागणीला ४२ टन दिलेल्या त्या एकराने खोडव्याला २५ टनच दिले. वर्षभराचं गणित कोलमडलं. जे लग्न वाचवायला मी ट्रक फडात घातला होता, तेच एक वर्ष पुढे गेलं. ताईने आजवर एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. आबाही रागावले नाहीत. एका संध्याकाळी काठी टेकीत फडातून फिरून आले आणि एवढंच म्हणाले, "वाट पडली रे शेतात."

पुढे नोकरीत मी हा विषय हट्टाने अभ्यासला. ओल्या जमिनीवर जड यंत्र गेलं की मातीच्या कणांमधली पोकळी मिटते. त्याच पोकळीतून हवा खेळते, पाणी मुरतं आणि मूळ वाट काढतं. चाकातली हवा कमी केली तर वरच्या थरावरचा दाब कमी होतो खरा. पण खोलवर पोचणारा दाब मुख्यत्वे आसावर किती वजन आहे त्यावर ठरतो. तिथे टायर पसरून फारसं भागत नाही. आणखी एक गोष्ट तर मला फार उशिरा कळली. जमीन दबायची असते ती बहुतेक पहिल्याच फेरीत दबते. त्याच चाकोरीतून दुसरी, तिसरी फेरी गेली तर त्यामानाने थोडी भर पडते. म्हणजे चौदा फेऱ्या एकाच चाकोरीतून गेल्या असत्या, तर एक पट्टा बिघडला असता. आम्ही नव्या वाटा काढून सगळा फड बिघडवला. वाळवंटातली शहाणी रीत काळ्या रानात उलटी पडली.

फौजेच्या ट्रकांचा इतिहास वाचताना मला याचं मर्म अधिक कळलं. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रशियाच्या लेनिनग्राड शहराला वेढा दिला होता. आत लोक उपाशी मरत होते. लादोगा नावाचं मोठं सरोवर गोठलं, तेव्हा रशियन ड्रायव्हरांनी त्या बर्फावरून दीड दीड टनाचे छोटे ट्रक घातले. २२ नोव्हेंबरला पहिला मोठा ताफा निघाला. साधारण साठ ट्रक, आणि माल पोचला ३३ टन. म्हणजे दीड टनाच्या ट्रकात जेमतेम अर्धा टन! शहर भुकेलेलं असतानाही त्यांनी ट्रक भरून नेले नाहीत, कारण बर्फ कोवळा होता. बर्फ जाड होत गेला तसा बोजा वाढवला. याउलट १९७१ साली लोंगेवालाला शत्रूचे रणगाडे आले. ताकदीला काही कमी नव्हती, पण त्यातले कित्येक वाळूत रुतून बसले आणि आपल्या विमानांनी त्यांना टिपलं. ट्रक असो की रणगाडा, किती बोजा न्यायचा हे पायाखालची जमीन सांगते.

आणि फौजेत व शेतात एक मोठा फरक आहे. फौजी ट्रक ज्या रानातून जातो, तिथे त्याला पुन्हा पेरायचं नसतं. पोचलं की काम झालं. आपल्याला मात्र त्याच एकरात पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आणि आपल्या मागे पोरांनाही पिकवायचं असतं. म्हणून तिथली चांगली यंत्रं इथे आणताना ती कशासाठी घडवली होती हे आधी विचारावं.

आमचा तो फड सावरायला चार वर्षं लागली. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून थोडी स्वतःच सावरते, हा तिचा मोठेपणा. आम्ही खोडवा मोडला, कडक उन्हात खोल नांगरट केली, ताग गाडला, पाचट जाळणं बंद केलं. पट्टे पुसट होत गेले. शक्तिमान मात्र पुन्हा कधी फडात गेला नाही. मामा त्यावर पाणंदीने शेणखत, विटा, पाण्याच्या टाक्या वाहायचा. डिझेल फार खायचा. पुढे सुटे भाग मिळेनासे झाले. १९९९ साली त्याने तो विकला. विकायच्या दिवशीही पहाटे फर्स्ट परेड केली.

मामा जाऊन आता सहा वर्षं झाली. दिवसकार्य उरकल्यावर मामीने त्याची लोखंडी पेटी माझ्यापुढे ठेवली. वर कार डायऱ्या होत्या. मी १९९२ ची वही उघडली. तो दिवस सापडला. किलोमीटर, डिझेल, फेऱ्या १४. आणि शेऱ्याच्या जागी त्याच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'रान ओलं होतं. गाडी घालायला नको होती. चूक ड्रायव्हरची.'

फौजेत असाच नियम असतो. हुकूम कुणाचाही असो, स्टीअरिंग ज्याच्या हातात त्याने जबाबदारी घ्यायची. माझं नावही त्याने लिहिलं नव्हतं. त्याच दिवशी मी ठरवलं की ही चूक आपण आपल्या तोंडाने सांगायची, जिथे उपयोग होईल तिथे.

त्या पाणंदीवर चहा थंड झाला होता. पोरगा बराच वेळ ट्रककडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे साहेब, इकू का काय आता ह्याला?"

म्हटलं, विकू नकोस. गाडी गुणी आहे. त्याला जे सांगितलं ते तुमच्याही कामाचं आहे, मग तुमच्याकडे शक्तिमान नसून ट्रॅक्टर-ट्रॉली का असेना.

फडात यंत्र घालण्याआधी वीतभर खालची माती उकरून मुठीत दाबा. बोटांतून चिखल आला किंवा मातीची लांब वळी वळता आली, तर यंत्र बांधावरच ठेवा. गोळा होऊन बोटाने टिचकी मारल्यावर फुटला, तर वाफसा आहे. ऊस काढायची एक वाट लागणीच्या वेळीच राखून ठेवा आणि सगळ्या फेऱ्या त्याच वाटेने करा. एक पट्टा गमवा, एकर वाचवा. नाइलाजाने ओल्यात जावंच लागलं, तर बोजा अर्धा करा. दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी परवडतात. चाकातली हवा टायर बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे ठेवा, आणि शेतासाठी कमी केली असेल तर रस्त्याला लागण्यापूर्वी भरा. जमीन दबली आहे का ते बघायला ओल असताना एक लोखंडी गज हाताने रोवा. वीत-दीड वीतभर खाली एकदम अडला तर तिथे कडक थर आहे. तो फोडायचा तर भर उन्हाळ्यात, माती खोलवर कोरडी असताना. ओल्यात फोडायला गेलात तर फाळ लोण्यातून जावा तसा जाईल आणि थर तिथेच राहील. आणि यंत्र कोणतंही असो, सकाळची फेरी आणि संध्याकाळची वही चुकवू नका.

पोराने सगळं मोबाईलवर लिहून घेतलं. परवा त्याचा फोन आला. तोड आली होती आणि आदल्या रात्री पाऊस पडला होता. म्हणाला, "साहेब, मूठ दाबून बघितली. ट्रक पाणंदीतच हुबा हाय. तीन दिस थांबलो, मग बैलगाड्या घातल्या."

मी विचारलं, "वही घातलीस का?"

"घातलीया की. आज शेऱ्यात काय लिवू?"

मी म्हटलं, "लिही, रान ओलं होतं, गाडी घातली नाही."